निळ्या अळ्यांची खाला

भर बाजारात, माशांच्या टोपल्यांमधून वाट काढत चाललेलो असताना पाठीमागून कोणी "ओ गुन्हेगार! अरे ओ गुन्हेगार!" अशी हाक मारली, तर कोण शहाणा माणूस वळून बघेल? मी बघायचो. नुसता बघायचो नाही, हातातली पिशवी सावरत "आलो खाला!" असंही ओरडायचो. मुरूडच्या बाजारात मला दुसरं नावच उरलं नव्हतं. एका कोळणीने तर हलव्याच्या पाटीवरचा बर्फ बाजूला सारत मला हळूच विचारलं होतं, "दादा, किती वर्सं आत व्हतास?"

हे नाव खालानेच, म्हणजे माझ्या घरमालकिणीने, ठेवलेलं. आगरदांड्याच्या जेट्टीवर तिकिटाच्या खिडकीत माझी बदली झाली तेव्हा मी तिच्या घराच्या पडवीतली खोली भाड्याने घेतली. पहिल्या सकाळी मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "खाला, माझ्याकडून नळ नीट बंद झाला नाही. पाणी वाया गेलं. माफ करा." दुसऱ्या सकाळी मांजरीला माझा पाय लागल्याचं सांगितलं. तिसऱ्या सकाळी सांगितलं की, तुमच्या अंगणात पडलेला आंबा मी उचलून खाल्ला, आणि तो गोड होता याचं जास्त वाईट वाटतंय. खालाने हातातली किटली खाली ठेवली, कमरेवर हात घेतले आणि विचारलं, "भाऊ, खोली भाड्याने घेतलीस का कोठडी? रोज सकाळी उठून कबुली!"

तिचं चुकत नव्हतं. माझा स्वभावच तो आहे. आमचं घर पेणकडचं, शेतीवाडीचं. वडिलांनी लहानपणीच गळ्यात तुळशीची माळ घातली, आणि माळेबरोबर पापाची भीतीही घातली. माळ एकदा तुटली, पुन्हा ओवली. भीती एकदाही तुटली नाही. मी डास मारत नाही, त्याला उडण्याची संधी देतो. माझी बायको म्हणते, "ह्यांच्या चहात साखर जास्त पडली तर हे साखरेची पण माफी मागतील."

असा मी माणूस दर शनिवारी मांडीवर जिवंत अळ्यांचा खोका घेऊन, त्यांना सरड्यांच्या तोंडी पोचवायला एस.टी.ने अलिबागला जायचो. हे कसं झालं, ते सांगताना अजूनही मला घाम फुटतो आणि हसूही फुटतं. दोन्ही एकदम.

खालाच्या मुलीने मुंबईत शिकताना हौसेने एक परदेशी सरडा पाळला होता. लग्न होऊन ती दोह्याला गेली आणि जाताना सरडा आईच्या ओटीत ठेवून गेली. "दोनच महिने सांभाळ आम्मी." ते दोन महिने काही संपले नाहीत. सरडा वाळूच्या रंगाचा, वीतभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी. राग आला की ती दाढी काळी पडायची. खिडकीतल्या उन्हात तो मान फुगवून अशा थाटात बसायचा की, जणू मांडवात मानपान नीट झालेला नाही आणि तो घोड्यावरून उतरणार नाही. म्हणून खाला त्याला 'दुल्हेमियाँ' म्हणायची. घरात वर्तमानपत्र आधी त्याच्यासमोर उघडलं जायचं. "बघू दे त्याला. त्याच्या मुलखाची बातमी असली तर?"

एकदा तिने विहिरीजवळच्या कण्हेरीवरची एक गलेलठ्ठ, शेपटीवर शिंग असलेली हिरवी अळी उचलून त्याला चारली. दुल्हेमियाँ खुशीत जेवला आणि घटकाभरात कलंडला. खालाने त्याला ओढणीत गुंडाळलं आणि रिक्षा करून थेट अलिबाग गाठलं. तिथे एक जनावरांचा डॉक्टर आहे. आसपासच्या फार्महाऊसवाल्यांचे पोपट, कासवं, सरडे असली वेगळी जनावरं तोच बघतो. त्याने दुल्हेमियाँला वाचवलं आणि मग खालाला समजावलं. अळी वाईट नाही, उलट मऊ, पाणीदार, सरड्यांना उत्तम. पण ती ज्या झाडाचा पाला खाते त्याचं विष अंगात बाळगते. कण्हेर, धोतरा, तंबाखू, अगदी टोमॅटोचा पालासुद्धा. काय खाऊन वाढली ते ठाऊक नाही अशी अळी द्यायची नाही.

"मग ठाऊक असलेली कुठं मिळते?"

"बाहेरच्या देशांत वाढवतात. पाला अजिबात न देता, शिजवलेल्या खाण्यावर. इथे कोण वाढवणार?"

"मी," खाला म्हणाली. आधी होकार दिला आणि मग विचारलं, "कसं करायचं ते सांग."

खालाने उभ्या आयुष्यात कोणाला उपाशी ठेवलेलं नव्हतं. लग्नाच्या पंगतींच्या बिर्याण्या तिने रांधल्या होत्या. अळ्यांचं काम तिला त्यापुढे पोरखेळ वाटलं. गव्हाचे अंकुर वाळवून दळायचे, त्यात सोयाबीनचं पीठ, दुधाची पावडर, थोडं यीस्ट घालायचं, आणि हे सगळं पुडिंग थिजवायला लागतं त्या चायना ग्रासमध्ये शिजवून थाळ्यांत ओतायचं. गार झालं की वड्या. परसातल्या रताळ्याच्या वेलावरून तिने पहिली अंडी आणली. पुढे त्या अळ्यांची पतंगासारखी पाखरं झाली, ती जाळीत ठेवली आणि त्यांनी घातलेली अंडी धुऊन वड्यांवर सोडू लागली. घरातली न्हाणी रिकामी करून तिथे फळ्या ठोकल्या. न्हाणीत पाल्याचा तुकडाही न्यायला बंदी. मी पूजा करून गेलो तर आधी माझी मूठ उघडून बघायची, तुळस वगैरे नाही ना.

आणि त्या अळ्या निळ्या व्हायच्या! पाला पोटात गेला नाही की हिरवा रंग चढतच नाही. स्वच्छ, आकाशासारख्या निळ्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दाराची चौकट धरली. हात लागला की त्या पुढचं अंग वर उचलून मान वाकवून स्तब्ध बसायच्या. खाला म्हणायची, "बघ, दुआ मागतायत." मला वाटायचं, भजनाला बसल्यात. दोघांचंही मन त्यामुळे आणखी मऊ व्हायचं, आणि माझं तर उगाचच.

खालाच्या बोटात फिरोजाची अंगठी होती. प्रत्येक अळी खोक्यात भरण्याआधी ती अंगठीशेजारी धरायची. खड्याशी रंग जुळला तरच अळी पास. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते ती दुल्हेमियाँला, मला, आणि वीजबिल द्यायला आलेल्या माणसालाही ऐकवायची. "अळी म्हणजे काय? तिनं खाल्लेलं. सरडा म्हणजे काय? अळीनं खाल्लेलं. म्हणून चुलीपाशी खोटं न्हाय चालत."

दुसरा नियम असा की, जे आपण चाखणार नाही ते अळीला घालायचं नाही. प्रत्येक घाणा ती बोटाने चाखून बघायची. "मीठ न्हाय ह्यात," असं दरवेळी खंतावून म्हणायची.

या चायना ग्रासने एकदा मोठा घोळ घातला. रमजानचे दिवस होते. घरी इफ्तारला शेजारपाजारच्या बायका येणार म्हणून खालाने चायना ग्रासचं पुडिंग करून फ्रीजमध्ये लावलं होतं. बदाम, पिस्ते, सगळा थाट. वरच्या कप्प्यात पुडिंग, खालच्या कप्प्यात अळ्यांचं खाणं. थाळ्या सारख्याच. शेजारच्या चाचीने मदत म्हणून खालच्या थाळ्या काढल्या, वड्या पाडल्या, त्यावर गुलाबाचं सरबत ओतलं आणि पंगतीत फिरवल्या. मलाही एक बशी आली. मी खाल्ली. खरं सांगतो, वाईट नव्हती. जरा कमी गोड, पण भरीव. एक वृद्ध आपा तर म्हणाल्या, "या वेळी कसं पोटाला धरून राहिलंय गं!" आणि त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

खालाच्या तोंडावरची रेषही हलली नाही. मी मात्र सगळं ओळखलं होतं. चूक माझी नव्हती, तरी माझ्या घशाशी कबुली आली होती. तिने दस्तरखानाच्या, जेवायला अंथरलेल्या चादरीच्या, कडेखालून माझ्या गुडघ्याला असा चिमटा काढला की माझी कबुली पाण्याच्या घोटाबरोबर खाली गेली. ईदच्या दिवशी शिरखुर्मा वाटून झाल्यावर तिने सगळ्यांना खरं सांगितलं. आपा रागावल्या नाहीत. त्यांनी कृती मागितली. आणि खाणं संपलं म्हणून खालाने इफ्तारच्या रात्री अळ्यांना घातलेलं पुडिंग? सकाळी पाहिलं तर त्यांनी ते कडेकडेने कुरतडून खाल्लं होतं आणि बदाम-पिस्ते तेवढे शिल्लक ठेवले होते. खाला म्हणाली, "सासरच्या माणसांसारख्या हायेत. मेहनतीचं तेवढं सोडतात."

अलिबागच्या डॉक्टरला थोड्या अळ्या लागायच्या. शनिवारी मी घरी पेणला जाताना वाटेत त्या पोचवायच्या, असं ठरलं. नाही म्हणणं मला जमलं नाही, कारण नाही म्हटल्याचं वाईट वाटलं असतं. हो म्हटल्याचंही वाटलं, पण उशिरा. एकदा एस.टी.त शेजारच्या बाईने खोक्याकडे बघून विचारलं, "पेढे का?" खोटं बोलणं मला येत नाही. मी म्हणालो, "नाही ताई, अळ्या." ती उठली. तिच्या मागची उठली. रेवदंड्यापर्यंत तीन जणांच्या बाकावर मी एकटा बसलो होतो आणि उभ्या असलेल्या माणसांकडे बघून मनातल्या मनात झुरत होतो. मांडीवरच्या खोक्यात अळ्या, आणि त्यांच्यासाठी माझं नामस्मरण चालू. त्यांनी ऐकलं असेल का, देव जाणे.

खालाचं माझ्यावर लक्ष किती बारीक होतं, हे सांगायचं राहिलं. तिच्या घरात मासळी, मटण रोजचं. पण माझ्यासाठी वरण-भात वेगळ्या पातेल्यात शिजायचा, त्याचा चमचाही वेगळा. आणि तो थेट माझ्याच स्टीलच्या डब्यात भरून, झाकण लावून ठेवला जायचा. जेवायला बसलो की घरात आलेलं कोणीही तो डबा आणून माझ्यापुढे उघडायचं. त्या घराची ती रीतच पडून गेली होती. याच रीतीने आम्हाला पुढे गोत्यात आणलं.

खालाचा मुलगा दुबईला. त्याची बायको-मुलं पनवेलच्या फ्लॅटमध्ये. त्याचं म्हणणं, आईने आता एकटं राहू नये, घर बंद करून पनवेलला यावं. खाला दरवेळी टोलवायची. त्या वर्षी तो सुट्टीवर आला तो मोठी बॅग घेऊनच. बॅग रिकामी होती. आईचं सामान भरायला आणलेली.

"आम्मी, बस झालं. लोक हसतात. न्हाणीत किडे पाळतेस."

"काम हाय ते माझं."

"काम? कोणाला पाहिजे ते काम?"

खालाला हे झोंबलं. तिने दुल्हेमियाँच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "रविवारी डॉक्टर बघायला येतोय. त्याला पटलं तर त्याच्याकडची समदी जनावरं माझ्या अळ्या खातील. न्हाय पटलं, तर तुझी बॅग मीच भरते. कसम."

खालाने कसम घेतली की ती घेतलीच. त्या आठवड्यात मी घरी गेलो नाही. ते घर, ती न्हाणी, खिडकीतला तो रुसलेला नवरदेव, सगळं त्या डॉक्टरच्या एका शब्दावर आलं होतं.

रविवारी सकाळी तिने मला हाक मारली, "माझ्या पलंगाखाली मोठं ताट हाय, काढ." मी वाकलो. ताटामागे एक वेताची टोपली होती, तिच्यावर जुनी ओढणी. ओढणी जरा हलली. मी ती उचलली. आत रताळ्याचा पाला, आणि पाल्यावर अळ्या. हिरव्यागार!

म्हणजे ह्यांना पाला मिळाला. कुठून? कोणी घातला? डॉक्टरने या बघितल्या तर संपलंच. एक हिरवी दिसली की निळ्यांवर कोण विश्वास ठेवणार? विचार करायला वेळ नव्हता, बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला होता. मी धावत जाऊन माझा डबा आणला, हात जोडून अळ्यांची क्षमा मागितली, वाटेत खायला म्हणून पाला घातला आणि त्यांना आत ठेवून झाकण अलगद टेकवलं. डबा स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपामागे सरकवला.

डॉक्टर शिस्तीचा माणूस. तो म्हणाला, आधी जेवू, मग निवांत बघू. दस्तरखान अंथरलं गेलं. भाकऱ्या, सुरमईचं सालन, मोठ्या वाडग्यात खीर. खाला मला म्हणाली, "थांब, तुझा भात अजून डब्यात भरायचाय," आणि उठायला लागली. तेवढ्यात मुलगा, पाहुणचाराच्या जोशात, आतून आला. "बस आम्मी, भाऊंचा डबा मी आणला. पिंपामागे कोणी ठेवलेला?" आणि त्याने तो दस्तरखानाच्या मधोमध ठेवून झाकण उचललं.

सगळ्या अळ्यांनी एकदम माना वर केल्या.

मुलाने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या माळेकडे. "भाऊ," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही तर शाकाहारी ना?"

डॉक्टरने हातातली भाकरी खाली ठेवली. "हिरव्या? खाला, या हिरव्या कशा?"

"मी!" मी ओरडलो. "डॉक्टर, मी पाला घातला. सगळा दोष माझा. खालाला यातलं काही ठाऊक नाही!" आयुष्यभर कबुल्या दिल्या, पण इतक्या आनंदाने दिलेली ती एकच.

"खोटं!" खाला कडाडली. "डॉक्टर, ह्याचं ऐकू नका. हा माणूस तुळशीचं पान तोडायच्या आधी तिला विचारतो, आणि ती बोलत न्हाय म्हणून तसाच परत येतो. हा काय पाला तोडणार? पाला मी घातला."

मुलगा मटकन खाली बसला. "आम्मी! आज? आजच?"

"आज न्हाय. दर घाण्याला. प्रत्येक घाण्यातल्या काही मी सोडून देते. सदका समज, दानधर्म. आता सोडलेल्या अन् खोक्यात जायच्या, एकमेकींत मिसळल्या तर? म्हणून सोडायच्या त्यांना रताळ्याचा पाला देते. परसातला, माझ्या हातचा. एकदा हिरवी झाली की ती खोक्यात जातच न्हाय. माझी अंगठीच जाऊ देत न्हाय."

डॉक्टरने काही उत्तर द्यायच्या आत खिडकीत हालचाल झाली. दुल्हेमियाँने हे सगळं भाषण डब्यावर नजर ठेवून ऐकलं होतं. त्याची दाढी थरारली, आणि नवरदेव घोड्यावरून उतरला तो थेट दस्तरखानावर! मी काय केलं ते मला नंतर इतरांनी सांगितलं. मी दोन्ही हात पसरून डब्यावर पालथा पडलो. अळ्या वाचल्या. माझं डावं कोपर खिरीत गेलं, आणि दुल्हेमियाँ माझ्या पाठीवर चढून बसला. तिथून तो डॉक्टरकडे अशा नजरेने बघत राहिला की, ही कसली पंगत?

पहिल्यांदा हसली ती खाला. ओढणीत तोंड घालून, हलून हलून. मग डॉक्टर. मग मुलगा, नाइलाजाने. मी खिरीतून कोपर काढलं आणि खिरीची माफी मागितली.

डॉक्टरने खालाची अंगठी मागून घेतली. न्हाणीत जाऊन त्याने एकेक थाळी काढून बघितली, एकेक अळी खड्याशेजारी धरली. आम्ही सगळे दारात उभे. मुलगा नखं खात होता, हे माझ्या लक्षात आलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आला आणि अंगठी परत देत म्हणाला, "खाला, तुमच्या घरात चूक लपायला जागाच नाही. रंगच बोंब मारतो. पुढच्या आठवड्यापासून मोठे खोके लागतील. पोचवणारा माणूस हाच ठेवा. याच्याइतका प्रामाणिक चोर मला मिळणार नाही."

मुलगा रिकामी बॅग घेऊनच पनवेलला गेला. अगदी रिकामी नव्हती म्हणा. खालाने त्यात नारळ भरले.

संध्याकाळी ती टोपली घेऊन आम्ही दोघं परसात गेलो. आधीच्या घाण्यांतल्या ज्या अळ्या कोश करायला परसातल्या मातीच्या कुंडीत उतरल्या होत्या, त्यांतल्या काही पाखरं होऊन बाहेर आल्या होत्या. करड्या पंखांची, पोटावर गुलाबी पट्टे. ती तगरीच्या फुलांवर हवेतच थांबून, लांब सोंडेने मध ओढत होती.

"खाला, हे सोडायचं कधीपासून?"

"तू आल्यापासून. शनिवारी खोका उचलताना तुझं तोंड तू कधी बघितलंयस? मय्यत उचलतोय असं वाटतं. म्हटलं, ह्याच्या नावाने काही सोडावीत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे माझ्यासाठी तुम्ही इतके दिवस पलंगाखाली लपवून... आणि आज माझ्यामुळेच सगळं उघडं पडलं. खाला, मला माफ..."

"तौबा!" खालाने कपाळाला हात लावला. "सोडवला तरी रडतो!"

पुढे माझी बदली रेवसला झाली. खोके आता तिच्याकडचा रिक्षावाला नेतो. तो कोणाची माफी मागत नाही, त्यामुळे लवकर पोचतात. दुल्हेमियाँ चांगला जाडजूड झालाय असं कळतं.

परवा दिवेलागणीला भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या शेवटच्या लाँचची तिकिटं देत होतो. खिडकीशेजारी कोणीतरी तगर लावली आहे. तिच्यावर एक करडं पाखरू येऊन हवेत थांबलं. मी बघत राहिलो. रांग खोळंबली, माणसं ओरडली, लाँच उशिरा सुटली. साहजिकच मी खालाला फोन लावला.

"खाला, आज माझ्यामुळे लाँच उशिरा सुटली. म्हाताऱ्या माणसांना ताटकळावं लागलं."

"का रे? काय केलंस?"

"एक पाखरू आलं होतं."

मग तिने विचारलं, "पोट गुलाबी व्हतं?"

"होय."

"मग ते तुझंच," खाला म्हणाली. आणि फोन तोंडापासून दूर धरून घरात कोणाला तरी, बहुतेक दुल्हेमियाँलाच, मोठ्यांदा ओरडून सांगू लागली, "अरे ऐकलंस का? गुन्हेगाराचा फोन हाय! अन् त्याचं पाखरू त्याला शोधत रेवसपर्यंत गेलं!"